कोरड्या दगडाचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना लोलक आहे, पण घड्याळातला नव्हे. माझ्या टोकाला रबराचा पाय आहे. तो फरशीवर घासत गेला, की काटा आकडा दाखवतो. आकडा मोठा आला तर पाय टिकतो, लहान आला तर माणूस घसरतो. एवढंच माझं ज्ञान, पण त्याची मला फार घमेंड होती.

१९७४ साली मी हुबळीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. गुरुराज मास्तर अंगणाच्या, फुटपाथच्या, पायऱ्यांच्या फरश्या माझ्याखाली ठेवत. फरशी ओली करूनच तपासायची, असा नियम. ते पाणी पारूबाई आणत. त्या प्रयोगशाळा झाडत आणि रोज माझी धूळ पुसत. इतर कोणाला माझं काही पडलेलं नसे.

१९८३च्या उन्हाळ्यात आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. नेमका तेव्हाच पारूबाईंच्या गल्लीतल्या नव्या नळकट्ट्याच्या पायऱ्यांसाठीचा गुळगुळीत काळा दगड तपासायला आला. पाणी नाही म्हणताच पारूबाईंनी पिण्यासाठी घरून आणलेला तांब्या पुढे केला. मास्तरांना ते बरं वाटेना.

"राहू दे अक्का, प्यायचं पाणी दगडाला कशाला?"

दगड कोरडाच तपासला. मी ऐटीत मोठा आकडा दाखवला. खोटं बोललो नाही, विचारलं तेवढंच सांगितलं.

महिन्याभरात कट्टा झाला. नळाला पाणी आलं, पायऱ्या भिजल्या. भरली घागर कमरेवर घेऊन उतरताना पारूबाई घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. गर्वाचं घर खाली म्हणतात. गर्व माझा, पडल्या मात्र पारूबाई.

मास्तरांनी उरलेला तुकडा ओला करून पुन्हा तपासला. आकडा पार खाली आला. ते तडक दवाखान्यात गेले. पारूबाई रागावल्या नाहीत, तेच मास्तरांना सोसेना. त्या काय म्हणाल्या, ते मास्तरांनी परतल्यावर लक्ष्मण शिपायाला सांगितलं.

"त्या दिवशी दगडालाच पाजायचं होतं की हो, मास्तर. मी तहान सोसली असती."

मास्तरांनी खटपट करून पाथरवटाकडून पायऱ्यांना छिन्नीने टाकी लावून घेतली. दगड खरखरीत झाला, पण पारूबाई पुन्हा झाडायला आल्या नाहीत.

आता मास्तरही निवृत्त झालेत. मी कपाटावर पडून आहे, रबराला भेगा पडल्यात. माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, कुठे पायरी बांधाल, तर आधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. घरात एकच तांब्या उरला असला, तरी ओता.