कडक की नरम शॉकअप

शहादेवच्या पिकअपचे मागचे शॉकअप दिवाळीच्या आधीच मेले होते. ऑईल गळून नळ्यांवर राखेचा काळा लेप बसला होता. परळीहून वीजकेंद्राच्या राखेच्या विटा भरून निघालं की गाडी डुलायची आणि रिकामी परतताना खड्ड्याखड्ड्याला उडायची. तरी तो ती तशीच हाकत राहिला, कारण बांधकामांचे दिवस होते आणि रोज कुणी ना कुणी विटांची वाट बघत असायचं.

त्याची बायको मनिषा बहुतेक खेपांना शेजारच्या सीटवर असे. शहादेव अबोल माणूस. गिऱ्हाईकाशी बोलणं, विटा कुठं उतरवायच्या ते ठरवणं, ही कामं तिची. पिकअप घ्यायच्या आधी दोघं जोडीनं ऊसतोडीला जायचे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता तिच्या कमरेत जी कळ भरली, ती नंतर कधी गेलीच नाही. गाडी उडाली की ती वरचा दांडा धरायची आणि तोंडातून आवाज काढायची नाही. शहादेवला ते दिसायचं. पण तोही काही बोलायचा नाही.

शेवटी एका सकाळी दोघं परळीत बंकटच्या गॅरेजवर गेले. बंकट शहादेवच्याच गावचा, शाळेपासूनचा दोस्त. त्यानं दुकानातून शॉकअपच्या दोन जोड्या मागवल्या आणि ओट्यावर मांडल्या. एक जोडी साधी, गाडीला मुळात होती तशी, चालायला नरम. दुसरी जाड नळीची, कडक. विटावाले हल्ली हीच बसवतात, असं त्यानं सांगितलं.

शहादेवनं साध्या जोडीला हात लावला. मनिषा म्हणाली, कडक घ्या.

शहादेवला नवल वाटलं. कडक घेतले तर रिकाम्या गाडीत तिचेच हाल होणार होते. पण बायकोच्या कमरेचं दोस्तासमोर कसं काढायचं, म्हणून साधे दिसायला बरे हायत, असलं काहीतरी तो पुटपुटला.

"सोयरीक जुळवायलास का बे, दिसणं बघाया?" बंकट म्हणाला. त्याच्या मेहुण्याची पिकअप कडक शॉकअप घालून दारातच उभी होती, तिची चावी त्यानं दिली. एक चक्कर मारून या, मग ठरवा, म्हणाला.

राखेच्या टँकरांनी उखडलेल्या रस्त्याला ती रिकामी गाडी लागली आणि प्रत्येक खड्डा थेट सीटखाली येऊन आदळू लागला. मनिषा ताठ बसून समोर बघत होती. बरी हाय की गाडी, असंही ती एकदा म्हणाली. पण पुढच्या दणक्याला तिचे डोळे गच्च मिटले. शहादेवनं गाडी कडेला घेऊन बंद केली.

"कावून खोटं बोलायलीस?" तो म्हणाला. "कंबर दुखायली तुझी. मला दिसत न्हाई का?"

मग तिनं सांगितलं. मागं एकदा उताराच्या वळणावर भरलेली गाडी एका अंगाला कलली होती. शहादेवनं ती सावरली आणि घरी जाऊन जेवताना विसरूनही गेला. तिला मात्र ते वळण डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तो एकटा खेपेला गेला, की गाडीचा आवाज दारात येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"कमरेचं मी बघून घेते," ती म्हणाली. "गाडी डुलाया न्हाई पायजे. तुमी धड घरी याया पायजे."

शहादेवनं उगाच स्टिअरिंगवरची धूळ पुसली, पुसलेलीच जागा पुन्हा पुसली, आणि गाडी वळवली. तिच्या बाजूचं चाक एकाही खड्ड्यात जाऊ नये म्हणून तो सगळा रस्ता नागमोडी चालवत परतला.

गॅरेजवर मात्र त्यानं लाज सोडून बंकटला सगळं सांगितलं, कमरेचंही आणि वळणाचंही. बंकटची थट्टा थांबली. त्यानं दोघांना नीट समजावलं. गाडी डुलत होती ती जुने शॉकअप मेल्यामुळं. नवे साधे बसवले तरी ते थांबेल. वजन पेलायचं काम स्प्रिंगच्या पाट्यांचं, शॉकअप फक्त उसळी आवरतो. कडक शॉकअप घातल्यानं गाडीला जास्त माल झेपत नाही.

"विटांचा वरचा जादा थर भरू नको," तो शहादेवला म्हणाला. "वळणाला गाडी कलली ती त्या थरापायी."

सगळेच तेवढा भरतात, असं शहादेवच्या तोंडावर आलं होतं. त्यानं मनिषाकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"न्हाई भरत," तो म्हणाला. मनिषानं ते बंकटसमोर त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

दुपारी साधी जोडी बसवून झाली. बंकटनं गाडीची मागची बाजू दाबून सोडली, ती एकदा वर आली आणि जागेवर बसली.

परळी सोडताना मनिषानं सवयीनं दांडा धरला होता. उखडलेल्या रस्त्यावर गाडी खाली गेली, वर आली आणि लगेच स्थिरावली. हळूहळू तिचा हात मांडीवर आला आणि थोड्या वेळानं तिचं डोकं काचेला टेकलं. इतक्या वर्षांत ती चालत्या गाडीत कधी झोपली नव्हती. गावाचा फाटा आला तेव्हा शहादेवनं वेग कमी केला, तिच्याकडं पाहिलं आणि गाडी सरळ पुढं जाऊ दिली.

धर्मापुरीत तिला जाग आली. कुठं आलो, तिनं विचारलं, त्यानं सांगितलं.

"घर मागं ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ दे."

या गावात त्यांनी कितीदा तरी विटा उतरवल्या होत्या, पण इथल्या जुन्या देवळाकडं कधी पाय वळले नव्हते. मनिषा कमरेवर हात ठेवून उतरली. बाहेरच्या भिंतीवरच्या दगडी मूर्ती बघत ती सावकाश चालली आणि शहादेव तिच्या चालीनं चालला. आतल्या गार खांबाला पाठ टेकून ती बराच वेळ बसली. तो रस्त्यावरच्या टपरीवरून दोघांचा चहा घेऊन आला.

परत निघताना ती म्हणाली, जरा हळू चालवा. कंबर दुखायली का, त्यानं घाबरून विचारलं.

"न्हाई," मनिषा म्हणाली. "घरी जायची घाई न्हाई."