नरम तांबं

बाबा वॉशर कानाने निवडायचे. तांब्याचा वॉशर लोखंडी पाटावर टाकायचा. टण्ण वाजला तर कडक, तो बाजूला. थप्प वाजला तर नरम, तो पेट्रोलच्या नळीला. नरम तांबं जोडात दबून बसतं. कडक दबत नाही आणि तिथून पेट्रोल झिरपतं. खाली तापलेलं इंजिन असतं. पुढचं सांगायला नको.

रबराच्या वॉशरचं त्यांना वावडं होतं. "हल्लीचं पेट्रोल रबर खातं," म्हणायचे. तांब्याचेच लाल होईस्तोवर तापवून, पाण्यात विझवून नरम करायचे आणि मग एकेक वाजवून बघायचे. जुन्या गाड्यांची माणसं लांबून त्यांच्याकडे यायची ती उगाच नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची गाडी तयार होत होती. संध्याकाळी त्या नातवंडांना घेऊन तिच्यातूनच गावी निघणार होत्या. मी कार्बोरेटर पुसत होते, बाबा पाटावर वॉशर टाकत होते. टण्ण. बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि तो चांगल्यांच्या वाटीत ठेवला. पुन्हा टण्ण. तोही वाटीत.

"बाबा, हे कडक आहेत."

"अं?"

"कडक आहेत!"

"ओरडतेस कशाला? माझ्याच हाताखाली शिकलीस आणि मलाच अक्कल शिकवतेस?"

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. "मग तिकडे तोंड करा," मी मोठ्याने म्हणाले. "मी टाकते, तुम्ही सांगा."

ते वळले. मी वॉशर पाटावर धरला, पण मूठ उघडलीच नाही. "टाकला!"

बाबांनी मान कलती केली, क्षणभर विचार केला. "नरम," ते म्हणाले.

मी जिंकले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वळले. आधी रिकामा पाट पाहिला, मग माझी मूठ.

"टाकलाच नव्हतास."

मी मूठ उघडून वॉशर दाखवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते स्टुलावर बसले आणि वाटीकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, आता कुठे हात बसलाय," ते म्हणाले. "वर्षभरात एकही कडक निघाला नाही."

मी सगळे वॉशर पुन्हा तापवायला घेतले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे होईल गं. पण आधी दिलेल्या गाड्या? मास्तरांची, त्या दोघा भावांची. बेकरीवाला तर रोज पोरीला शाळेत सोडतो तिच्यातून."

मी पुढे व्हायच्या आत त्यांनीच फोन उचलला, बेकरीवाल्याचा नंबर लावला आणि कानाशी घट्ट धरून उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"उचलत का नाही गं तो?"

पलीकडून बेकरीवाला केव्हाचा हॅलो, हॅलो करत होता.