दादाची शिट्टी

"थांबा भाऊजी. हे त्यांचं नव्हे."

वहिनींनी असं म्हणताच कवळीवाल्यांनी क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतलं. आठ महिने खपून रचलेली धून पहिल्याच मिनिटाला अडली.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तीस वर्षं ते कवळ्या बनवत आले होते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे दात; संध्याकाळी घरी क्लॅरिनेट. ते थोरल्या भावानं, दादानं घेऊन दिलेलं. त्यासाठी दादा वर्षभर छापखान्यात जादा पाळी करत होता, हे त्यांना फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी आधी आई गेली आणि तीन महिन्यांत दादा. भेटायला आलेले लोक रडून गेले. यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. मग त्यांनी दोघांसाठी एकट्या क्लॅरिनेटची धून रचायला घेतली. करायची होती रडवेली, पण आठवायचं भलतंच. जिना चढताना दादा शिट्टी वाजवायचा आणि आई लगबगीनं चहाचं आधण ठेवत म्हणायची, "आले शिट्टीबहाद्दर!" अशी दोन माणसं आपल्या वाट्याला आली, या विचारानं धून हट्टानं हसरीच होत गेली.

"काय चुकलं, वहिनी?"

"चुकलं कुठे? फार स्वच्छ झालंय. ही त्यांची दात पडण्याआधीची शिट्टी झाली. कवळी बसवल्यावर बाजूनं हवा जायची की. फुस्स!"

कवळीवाल्यांना हसू आलं. ती कवळी त्यांच्याच हातची. शिट्टी वाजेना म्हणून दादा लहान मुलासारखा रुसला होता. त्यांनी कवळी तीनदा नव्यानं केली. तिसऱ्या खेपेला आरशासमोर दादाची शिट्टी एकदाची उमटली, तीही फुसफुसत. दादा खूश. म्हणाला, "धाकट्या, जेवता नाही आलं तरी चालेल. एवढं पुरे!"

"मला ती फुस्स हवी," वहिनी म्हणाल्या. "चार वर्षं दार उघडायला मी तिच्यावरच उठले."

ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटणं म्हणजे वादकाची नाचक्की. ती खोड मोडायला त्यांच्या मास्तरांना दोन वर्षं लागली होती. कवळीवाल्यांनी क्षणभर वहिनींकडे पाहिलं आणि ओठ मुद्दाम सैल सोडले.

सूर जरासा घसरला. मागून बारीक फुसफुस आली.

वहिनी खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. मग भानावर येऊन, पदर सारखा करत, हळूच खाली बसल्या.

त्यांना तसं पाहून कवळीवाल्यांचे डोळे वर्षभरात पहिल्यांदा भरून आले. पण ते थांबले नाहीत. पुढे आईचा भाग होता. तो त्यांनी तिच्या लगबगीच्या चालीत, हसत-रडत शेवटपर्यंत वाजवला.

वहिनींनी डोळे टिपले. कवळीवाल्यांनी स्वरलिपीचा कागद पुढे ओढला आणि दादाच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'इथे हवा जाऊ द्यावी.'