उघडाही हवा, बंदही हवा

मित्रांनो, मी बाकू शहरातल्या एका शाळेचा जुना दरवाजा. अक्रोडाच्या लाकडाचा, वजनदार आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ. समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटला की भल्याभल्यांच्या टोप्या उडतात, पण माझ्यापुढे त्याची डाळ शिजत नसे. "आपला पहिलवान!" असं मुलं म्हणायची आणि मी फुगायचो.

एका हिवाळ्यात वर्गातली तेलाची शेगडी धुरकट जळू लागली. खिडक्या वाऱ्यामुळे खिळून टाकलेल्या. मला बंद केलं की वर्गातल्या सेविंज नावाच्या मुलीला धुराने दम लागायचा, उघडलं की सगळा वर्ग कुडकुडायचा. शेवटी तिची आजी म्हणाली, "शिक्षण गेलं चुलीत! सोमवारनंतर पोरगी घरीच बसेल."

झिवरबाई मुलांना अडचणी पद्धतशीर सोडवायला शिकवत. त्यांनी फळ्यावर लिहिलं : दरवाजा उघडा हवा. दरवाजा बंद हवा.

"हे झालं या दोन गरजांचं भांडण. आता सुचेल ते बोला. निवड नंतर. तोवर कुणी कुणाला हसायचं नाही."

"भिंत पाडू या!" वुगार ओरडला.

"तुझ्या घरची पाड की!" सेविंज म्हणाली.

"सेविंज!" बाईंनी दटावलं आणि भिंतही लिहून घेतली.

फळा भरला. मग एकेक उपाय तपासून खोडला गेला. नव्या शेगडीला पैसे नव्हते, पडदासुद्धा वाऱ्यापुढे टिकणार नव्हता. बाईंनी विचारलं, "उघडा नेमका कुठे हवा? बंद कुठे?"

सेविंजने छताकडे पाहिलं. "बाई, धूर वर आहे, आम्ही खाली आहोत. वर उघडा, खाली बंद!"

"म्हणजे कापायचा?" वुगारने विचारलं. अरे देवा! मला?

आगासफ मिस्त्री करवत घेऊन आले, पण त्यांचा हात धजेना. "बाई, असं लाकूड आता मिळत नाही हो."

"अशी पोरगी तरी कुठे मिळते?" बाई म्हणाल्या.

खूप दुखलं, मित्रांनो. माझा वरचा हातभर भाग वेगळा झाला, त्याला स्वतःच्या बिजागऱ्या लागल्या.

सोमवारी आजी शाल घेऊन शेवटच्या बाकावर बसली, नातीला घेऊन जायच्या तयारीने. धूर वरून निघून गेला. सेविंजने अख्खा धडा मोठ्याने वाचला, एकदाही न खोकता. आजी उठली, "संध्याकाळी येते गं न्यायला," म्हणाली आणि जाताना माझा खालचा भाग हळूच ओढून घेतला.

नुसत्या फुगणाऱ्या पहिलवानाला कुणाच्या तरी कामाचा बनवणाऱ्या त्या मुलांचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत जा. आणि अडचण आली तर आधी माझ्यासारख्या लाकडाला करवत लावा, मी हूं की चूं करणार नाही. पण वर्गातलं एकही मूल घरी पाठवू नका.