गादीवर आपटलेला हात

बापूराव उस्तादांवर मी माह्या बापापेक्षा जास्त भरोसा ठेवला, अन् त्याचंच फळ आता गळ्यात बांधून हिंडून राह्यली हाय. खरंच गळ्यात! उजवा हात पट्टीत अडकवलेला हाय. डॉक्टर म्हणे, खांदा निखळलाच, शिवाय आतून फाटला पण हाय.

पोलीस भरतीत निवड झाली की ट्रेनिंगले जावं लागते, अन् तिथं शिकवणाऱ्याले उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद वडनेरचे. जुने पहिलवान, कान चेपलेले, आवाज असा का बाजूच्या तुरीतले पाखरं उडाले पाहिजे. आम्हा पोरींले ते निःशस्त्र लढत शिकवत. चाकू घेऊन आलेल्याचा हात कसा धराचा, दारू पिऊन अंगावर आलेल्याले मारल्याबिगर खाली कसा बसवाचा, हे सगळं. अन् शिकवाच्या आधी रोज एकच गोष्ट सांगत.

"पोरींनो, समोरच्यानं हार मानली की तुमचं बळ थांबलं पाहिजे. त्याच्यावर एक झटका जास्त दिला तं तुम्ही पोलीस नाई, गुंड."

गादीवर त्याची खूण ठरलेली होती. पेच सहन होईना की मोकळा तळहात गादीवर आपटाचा. आपटला की जोडीदारणीनं तिथंच सोडाचं, विचार करत बसाचं नाई. एकदा एकीनं सोडाले जरा उशीर केला, तं उस्तादांनी तिले भर उन्हात मैदानाच्या फेऱ्या माराले लावल्या. मले तवा लय बरं वाटलं होतं. आपल्या माथ्यावर असा माणूस हाय म्हटल्यावर कशाचं भेव!

माही जोडीदारीण छाया, देवळीची. तिच्या घरून जवसाची चटणी आली की आधी माह्या ताटात पडे. तिचा पेच घट्ट होता अन् मी लवचिक, म्हणून उस्ताद नव्या पोरींले दाखवाचं असलं की आम्हालेच उभं करत.

पासिंग परेडच्या आधी मोठे साहेब पाहणीले आले. पहिल्या दोन जोड्यांचं प्रात्यक्षिक पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे तर नाटक वाटतंय," ते म्हणाले. "बाहेर गुन्हेगार असं हळूच सोडतो का?"

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाले बोलावलं, अन् छायाच्या कानाशी काहीतरी बोलले. मले वाटलं, पोरीले धीर देऊन राह्यले.

छायानं माहा हात पाठीमागं पिरगळून मले पालथं पाडलं. पेच बसला, दुखलं, मी डावा हात आपटला. तिनं सोडलं नाई. अजून आपटला, जोरानं. माय वं, कळ पार डोक्यात गेली! मी मान वर केली तं समोरच उस्ताद उभे. त्यांनी माह्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. आता हे "सोड" म्हणून ओरडतील, म्हणून मी वाट पाहत राह्यली. तेवढ्यात खांद्यात कट्कन वाजलं. साहेब टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांले उभं केलं. मी हात आपटला होता का नाई, या एका सवालावर माही नोकरी अडकली होती. चूक छायाची निघाली तं मी आपल्या बॅचसोबतच पास होणार, इलाज नंतर. चूक माही निघाली तं बॅचमधून बाहेर. खांदा धड झाला तं पुढच्या बॅचले पहिल्यापासून सुरुवात, नाई तं घरी बसा.

"हिनं खूण केली होती का?" साहेबांनी उस्तादांले विचारलं.

"नाई साहेब," उस्ताद म्हणाले. "लय जिद्दी पोरगी हाय. जीव गेला तरी हात आपटणार नाई."

असं कौतुकानं म्हणाले का साहेबांले हसू आलं.

"आपटला होता!" मी ओरडली. "सगळ्यांनी पाहिला, विचारा यायले!"

काल गादीभोवती बसलेल्या पोरींतली एकही पुढं आली नाई. छाया खाली पाहत म्हणे, "मले समजलं नाई, साहेब." अन् मले हिंगणीले घरी धाडलं.

पुढच्या रविवारी छाया आली. माय तिच्यासाठी चहा ठेवाले उठली, मी ठेवू देल्ला नाई.

"केसानं गळा कापला तू माहा! कोण्या तोंडानं आली?"

ती रडाले लागली. "रक्षा, मले उस्तादांनीच सांगतलं होतं. तिनं आपटला तरी मी म्हणल्याबिगर सोडू नको, म्हणे. साहेबाले खरं वाटलं पाहिजे."

"उस्तादांचं नाव घेऊ नको, जीभ झडन तुही!" मी तिले दारातून हाकललं. साहेबांसमोर उस्ताद घाबरून खोटं बोलले, हे मी पाहिलं होतं. छायाची नोकरी वाचवाले बोलले असतील, असं मी मनाले समजावत होती. पण हे? हे ते करूच शकत नाई.

मग उस्ताद सोता आले, संत्र्याची पिशवी घेऊन. मायच्या पाया पडले, माह्याजवळ बसले, अन् एक संत्रं सोलाले लागले.

"पुढच्या बॅचले येजो, पोरी. मी हाय ना. तुले पहिली आणीन."

"उस्ताद, छाया खोटं बोलते ना?"

ते सोलत राह्यले. "साहेब मानत नव्हते. म्हटलं, जरासं जास्त धरलं तं काय होते! दुसरी कोणी असती तं रडली असती. तुह्यात दम हाय, म्हणून तं तुलेच निवडलं."

"अन् माहा हात? तुम्हाले दिसला होता?"

"दिसला ना," ते हळूच म्हणाले. "दोन्ही खेप दिसला. पण साहेबासमोर तुही इज्जतच राखली मी. जिद्दी म्हटलं तुले."

त्यांनी संत्र्याच्या फोडी माह्यासमोर धरल्या. मी हात पुढं केला नाई.

"मी जिद्दी नव्हती, उस्ताद," मी म्हटलं. "मले दुखत होतं. तो पेच तोडून सुटाले तुम्हीच शिकवलं होतं मले, अन् मी सुटली पण असती. तुम्ही समोर उभे दिसले, म्हणून पडून राह्यली."