दुप्पट वेगाचा तास

"बाई चांगल्या आहेत गं, पण बोलतात किती हळू! यांना पुढे पळवायचं बटण हवं होतं."

"नाहीतर काय! ॲपवरचा दादा दुप्पट वेगाने लावला की आख्खा धडा खल्लास. बाईंचा अजून फळाच पुसून होत नाही."

पाचवीच्या खिडकीखालच्या नळावर लताबाई डबा विसळत होत्या. आधीचा आवाज सनीचा, नंतरचा चैतालीचा, हे त्यांनी न बघताच ओळखलं. एरवी खुदकन हसल्या असत्या. पण शनिवारी पालकसभा होती. गणिताचा तास बाईंकडे ठेवायचा, की ॲपच्या हवाली करून बाईंना खिचडीच्या नोंदींना बसवायचं, हे तिथे ठरणार होतं.

"राग मानू नका मॅडम," मुख्याध्यापक महेश सर म्हणाले होते, "पण ॲपवर याच पोरांना नव्वदच्या पुढे मार्क पडतात आणि तुमच्या चाचणीत पंधरा. कमी कुठे पडतंय?"

पोरं खूश, पालक खूश, सर तर हवेतच. अशा भरल्या पंगतीत 'मीठ नाही' असं म्हणायचं कुणी?

मग बाईंनीच वेग घ्यायचा ठरवला. घरी कणीक मळता मळता त्या अपूर्णांक म्हणू लागल्या. कुकरच्या शिट्टीच्या आत धडा संपवायचा, असा नेम. नवरा, मनोज, पेपर खाली करून म्हणाला, "अगं, गणित शिकवतेस की कांद्याचा लिलाव करतेस?"

शनिवारी बाईंचा तास बघायला मागच्या बाकांवर पालक दाटीवाटीने बसले. सनीचे वडील सावळीराम ओझरच्या कारखान्यातून पाळी उरकून, गणवेशातच आले होते. बाईंनी पदर खोचला, खडू उचलला आणि सुटल्या.

"अर्धा अधिक एक तृतीयांश! अर्धा म्हणजे?"

"दोनातला एक!"

"तृतीयांश?"

"तिनातला एक!"

"वरचे मिळवा!"

"दोन!"

"खालचे?"

"पाच!"

"दोन पंचमांश! झालं! पुढे!"

वर्गात वारं शिरलं. एरवी बाकावर मान टाकून बसणारा सनी गुडघ्यांवर उभा राहून ओरडत होता. कुणी बाक बडवत होतं. बाईंच्या खडूचे तुकडे उडत होते, अंबाडा सुटला होता, आणि खरं सांगायचं तर बाईंना इतकी मजा कॉलेजच्या गॅदरिंगनंतर आलीच नव्हती.

"बाई, लाईक!" सनीने दोन्ही अंगठे वर केले. सगळ्या वर्गाचे अंगठे वर झाले. टाळ्या पडल्या. सावळीराम म्हणाले, "एक नंबर! आमच्या वेळी असं शिकवलं असतं तर मी साहेब झालो असतो."

"मॅडम, तास तुमचाच!" महेश सरांनी जाहीर करून टाकलं.

बाई हसत हसत फळ्याकडे वळल्या, आणि डस्टर हवेतच राहिलं. दोन पंचमांश? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी? खालचे आकडे कधी असे मिळवतात का! लिलावाच्या भरात त्यांनी स्वतःच नको ते करून ठेवलं होतं.

त्यांनी वळून पाहिलं. महेश सर फळ्याकडे बघत होते. नजरानजर होताच ते पंख्याकडे बघू लागले. सावळीराम बोटांवर काहीतरी करत होते. त्यांनी बोटं खिशात घातली.

डस्टरचा एक फटकारा आणि तास वाचला असता. खिचडीच्या नोंदी बाईंना स्पष्ट दिसल्या. तरी त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं, अंबाडा बांधला आणि आपल्या नेहमीच्या, जुन्या, रेंगाळत्या आवाजात विचारलं,

"अर्धी पोळी ताटात होती. आईने आणखी तिसरा हिस्सा वाढला. मग ताटात अर्ध्याहून कमी कशी उरली रे? खरं सांगा. कळलं का मघाचं?"

"होऽऽ बाई!" सवयीने सूर निघाला, पण मध्येच ढेपाळला. अंगठे एकेक करून खाली आले. सनी चैतालीला कोपराने ढोसत होता, "तू सांग," "तू सांग ना."

शेवटी चैतालीच उठली. आधी आईकडे पाहिलं, मग सरांकडे.

"नाही कळलं बाई. ॲपवरचंपण कधीच कळत नाही. तिथे उत्तर हिरवं होईपर्यंत आम्ही एकेक दाबत जातो. तुम्ही परत सांगा ना. हळू."