लोटस की कोबोल

पाथर्डीच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, आणि त्या दिवसापासून घरातले सगळे निर्णय आपणच घ्यायचे असं मी ठरवून टाकलं. घरात माणसं दोनच. मी आणि आई. पप्पा मी दुसरीत असतानाच गेले. त्यामुळे फारसा विरोध झाला नाही. पडदे निळे आणायचे हे मी ठरवलं, नाताळच्या करंज्यांत खोबरं जास्त घालायचं हेही मीच ठरवलं. मग आईने कॉम्प्युटरचा कुठला कोर्स करायचा ते कोण ठरवणार? अर्थात मी, सिल्व्हिया, इयत्ता दहावी अ.

झालं असं की आई साखर कारखान्यात टायपिस्ट. उन्हाळ्यात तिचे हेडक्लार्क आप्पासाहेब तिला म्हणाले, "बाई, यंदाच्या हंगामापासून टाइपरायटर बंद. पगार, उसाची बिलं, समदं कॉम्प्युटरवर. शिकलात तर खुर्ची तुमची. न्हाईतर गोदामात पोती मोजायचं काम हाय."

आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "सिल्वे, माझं मशीन काढणार आहेत गं." आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी तिच्या भाकरी जाड झाल्या.

आमच्या तिसगावात खताच्या दुकानावर नुकताच कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला जिन्यातच काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. आत थंडगार! चार मशीन, चारींवर फुलाफुलांची झाकणं. शिकवायला राधाकृष्ण सर. पुण्याला शिकून आलेले, पण वयाने एवढे लहान की आई त्यांना 'सर' म्हणाली की तेच लाजायचे. त्यांचा नियम चांगला होता. पहिला आठवडा कुठल्याही कोर्सला बसून बघा, रविवारी सांगा सर्टिफिकेट कशाचं हवं.

"कोबोल," मी लगेच सांगून टाकलं. कोबोल म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम लिहायची भाषा, आणि तिच्या माहितीपत्रकावर विमान होतं. "दोन हजार साल आलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आहेत, आई. अमेरिकेत कोबोलवाल्यांना नुसती मागणी!"

"मला कारखान्याच्या फाटकापलीकडं जायचं नाही, तर अमेरिकेत कशाला?"

"अगं, पण सर्टिफिकेट केवढं मोठं दिसेल!"

"भिंतीवर?"

तरी मी तिला एक दिवस कोबोलला बसवलंच. लांबलचक इंग्रजी शब्द तिने पडद्याकडे न बघता धडाधड टाइप केले. सर बघतच राहिले. पण त्या शब्दांनी काय होतं ते काही तिला कळेना. मग ती स्वतःच उठून लोटसच्या मशीनवर गेली. लोटस म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींचा मोठा तक्ता. चौकटींत आकडे भरायचे, बेरीज मशीन करतं. "हेच तर आमचं काम," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला की मी कोबोलचा विषय दुसऱ्या दिवसापर्यंत पुढे ढकलला.

आणि तिथेच सगळं बिघडलं. आईची बेरीज जुळेना. रोज उसाच्या वजनाचे आकडे भरायची आणि रोज बेरीज कमी यायची. मध्येच मशीन टींऽऽ करून ओरडायचं. ओरडलं की आई दोन्ही हात पदराखाली घ्यायची, जणू तापलेल्या तव्याला हात लागला.

"काकू, आकडे नीट बघून टाका," सर म्हणायचे.

"बघूनच टाकतेय हो."

बघून काय, ती कागदाकडे बघायची. बोटांकडे ती कधीच बघत नाही. वीस वर्षांची सवय.

शनिवारी ती कारखान्यातून आली तीच मुळी हलकी हलकी हसत. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

"आप्पासाहेबांना सांगून आले. मला गोदाम चालेल म्हटलं."

"आई!"

"अगं, पोती काय ओरडत नाहीत."

मी खूप बोलले. वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते त्यापेक्षा चांगलं बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान बोलतेस गं. पण ते मशीन माझं ऐकत नाही, त्याला मी काय करू?" मग डोळे मला दिसू नयेत म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही क्लासला गेलो. तिला सरांना 'नको' एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "सांग ना, पण एकदा बस. मी शेजारी बसते. बोलणार नाही."

"तू? बोलणार नाहीस?"

"शप्पथ."

ती बसली. मी खरंच बोलले नाही, म्हणून असेल, पण पहिल्यांदाच मी नुसतं बघत होते. पडद्यावर एक गंमत दिसली. काही आकडे चौकटीत उजवीकडे सरकून बसत होते आणि काही डावीकडे चिकटून राहत होते. डावीकडचे सगळे एकने सुरू होणारे! एकशे चाळीस डावीकडे. अठरा डावीकडे. दोनशे सोळा टाकायला गेली तर टींऽऽ.

मी आईच्या बोटांकडे बघितलं.

"आई, एक कुठं दाबलंस?"

"हा काय." तिची अनामिका एल या अक्षरावर होती.

"हे एल आहे!"

"मग? एकच की ते. इंग्रजी टाइपरायटरला एकचं बटण कुठं असतं? लहान एल मारायचा. आमच्या मास्तरांनी हेच शिकवलं. सगळ्या नगर जिल्ह्याची बिलं अशीच निघतात."

राधाकृष्ण सर पुढे वाकले. "थांबा, थांबा. टाइपरायटरला एक नसतोच?" त्यांनी आयुष्यात टाइपरायटरला हातच लावला नव्हता. मग ते डोक्यावर हात मारून हसायला लागले. "काकू, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मशीनला वाटतंय तुम्ही अक्षर लिहिताय! अक्षरांची बेरीज ते कशी करणार? तुमचं काहीच चुकत नव्हतं हो. मीच बघायला हवं होतं."

आई हसली नाही. तिने वरच्या ओळीतलं एकचं बटण शोधलं, त्यावर करंगळी ठेवली, उचलली, परत ठेवली. एकने बिघडलेले सगळे आकडे तिने पुन्हा टाकले. सावकाश. एकेक आकडा उजवीकडे सरकत गेला. बेरीज बरोब्बर आली.

"माझं नाव लोटसला घाला, सर," ती म्हणाली.

"आणि कोबोल?" माझ्या तोंडून निघालंच.

"कोबोल तू कर, बाई. अमेरिकेला जा. मला एवढंच पाहिजे, आणि हे माझं मी निवडलंय."

जिन्यात चपला घालताना मात्र ती थांबली. "आप्पासाहेबांना कालच शब्द दिलाय गं."

"मी बोलते त्यांच्याशी! मला कुणाचीच भीती वाटत नाही."

"मला वाटते," आई म्हणाली. "म्हणून मीच बोलते."

आप्पासाहेब घराच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. "या बाई. रविवारचं कसं काय येनं केलंत?"

"मी गोदामात जाणार नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "काल तर चालंल म्हन्लात."

"काल म्हणाले होते. आज नाही म्हणतेय. मी लोटसचा कोर्स करतेय. उसाची बिलं मीच काढीन."

"कालपातुर जमत न्हवतं, न् आज जमलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पोरीनं पढवून आनलंय व्हय?"

माझं तोंड उघडलं होतं. आईचा हात माझ्या मनगटावर आला. मी तोंड मिटलं.

"ती आज गप्प आहे," आई म्हणाली. "हे माझंच बोलणं आहे."

आप्पासाहेब मिशीत हसले. "बरं. गोदामाला दुसरा मानूस बगतो. पर हंगामात एक बिल चुकलं तरी म्या ऐकून घेनार न्हाई."

"चुकलं तर कुठं चुकलं ते मीच शोधून काढीन."

गल्लीच्या वळणापर्यंत आई ताठ चालली. मग तिने माझा हात धरला.

"फार मोठ्यानं बोलले का गं मी?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर बोललीस."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण ती स्वतःशीच हसत होती, हाताची बोटं माझ्या बोटांवर हळूहळू वाजवत होती, आणि मी, सिल्व्हिया, थेट घर येईपर्यंत एक अक्षरही बोलले नाही.